भाड्याची बोटे

मी एक वेबसाइट बोलते आहे, आणि ‘बोलते’ हा शब्द मी खऱ्या अर्थानेच वापरते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना दिसत नाही. त्यांचा फोन किंवा संगणक मला मोठ्याने वाचून दाखवतो. त्यामुळे मला नटूनथटून बसायची सवय लागली नाही. जे सांगायचे ते शब्दांत, एकामागून एक. आजही तसेच सांगेन. सांगताना काही मागेपुढे झाले, तर समजून घ्या. माझाच माझ्या आठवणीवर पुरता भरवसा नाही.

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर स्क्रू ठेवायचा बारा कप्प्यांचा पत्र्याचा ट्रे, आणि कोपऱ्यात एक जुना संगणक, ज्यावर मी दिवसभर उघडी असते. इथे ब्रेलची मशीन दुरुस्त होतात. दृष्टिहीन माणसे ज्यावर लिहितात ती ही मशीन. सहा बटणे, प्रत्येक बटणाखाली एक सुई. बटण दाबले की जाड कागदावर ठिपका उठतो, आणि त्या ठिपक्यांवर बोट फिरवून वाचायचे. अशी मशीन नीट करणारे फार थोडे उरले आहेत. आमचे बाबा त्यांतले एक.

खरे तर मला घडवले त्यांच्या मुलीने, म्हणजे बाबा माझे आजोबा लागतात. पण घरात एकच हाक चालू असली की तीच तोंडी बसते.

बाबांची एक रीत होती. मशीन उघडले की निघालेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक स्प्रिंग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने ट्रेमध्ये जायची. गंजलेला तुकडासुद्धा बोटांत फिरवून पाहिल्याशिवाय ते टाकत नसत. ‘काय टाकतोय ते कळल्याशिवाय टाकू नये,’ असे ते मुलीला सांगत, आणि ती मान हलवून फोन बघत राही.

त्यांनी सांगितलेले तिने माझ्यावर लिहिले: सहावा ठिपका पुसट उमटत असेल तर काय बघायचे, ओळ संपताना घंटी वाजत नसेल तर काय, आणि कोणते काम आम्हाला जमत नाही. हे शेवटचे बाबांनी मुद्दाम घालायला लावले.

आता लिंक म्हणजे काय ते सांगायला हवे. एका वेबसाइटने दुसरीकडे दाखवलेले बोट, एवढेच. एका अंधशाळेच्या गणिताच्या बाईंनी, ज्यांना स्वतःला दिसत नाही, त्यांच्या शाळेच्या पानावर माझ्याकडे बोट दाखवले. मग एका वाचनालयाने दाखवले. दूरच्या गावी टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एकाने दाखवले. दहा-अकरा वर्षांत अशी चाळीसएक बोटे जमली असतील. लोक ज्यावर शोधाशोध करतात ते सर्च इंजिन ही बोटे मोजते, आणि कोण दाखवतो आहे हेही पाहते. त्या जोरावर मी पहिल्या पानावर तिसरी-चौथी असायची. बाबांना तेवढे पुरत होते.

मामांना पुरत नव्हते. मामा म्हणजे बाबांचे मेहुणे. आयुष्यभर पंखे विकलेले, आता निवृत्त, आणि दुसऱ्याचे भले करण्यासाठी हातात भरपूर वेळ असलेले. नवी मशीन विकणारे एक दुकान माझ्या वर असते, हे त्यांना खुपायचे. त्यांनी एका कंपनीशी बोलणे करून महिन्याभरात सहाशे लिंक ठरवल्या. माझा ताबा घ्यायला लागणारा पासवर्ड त्यांनी भाचीकडून ‘जरा बघायला’ म्हणून घेतला आणि सूचना येण्याच्या जागी स्वतःचा ईमेल घातला.

“दाजी, तुमच्या हातात कला आहे, पण तुमच्यासाठी ओरडणारं कोणी नाही,” ते म्हणाले.

बाबा एक अडकलेली स्प्रिंग सोडवत होते. “काय करायचं ते कर. माझा ट्रे तेवढा हलवू नकोस.”

बोटे येऊ लागली. केस गळण्यावरचा एक लेख, पोहण्याच्या तलावाच्या फरशांवरचा एक, कुत्र्यांच्या खाण्यावरचे सतरा. प्रत्येकात मध्येच कुठेतरी ‘उत्तम, खात्रीशीर ब्रेल मशीन दुरुस्ती’ हे पाच शब्द, तेच, त्याच क्रमाने. मला अवघडल्यासारखे झाले. ज्यांनी मला कधी पाहिले नव्हते, ऐकले नव्हते, ते सहाशे जण एका सुरात माझी तारीफ करत होते. पण वेबसाइटने तोंड कसे उघडावे? आणि खोटे का बोलू, तीन आठवडे मी पहिल्या क्रमांकावर होते, तेव्हा मला बरेही वाटले. मामा तर फोन घेऊन शेजारीपाजारी दाखवत फिरले.

मग एका सकाळी माझ्याकडे कोणीच आले नाही.

सर्च इंजिनाला लबाडी कळली होती. तुमच्याकडे येणाऱ्या लिंक बनावट आहेत, त्या काढा, तोवर तुम्हाला मागे टाकले आहे, असे पत्र आले. ते गेले मामांच्या ईमेलवर. मामांनी ते जाहिरात समजून पुसून टाकले.

बाबांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की फोन वाजत नाही. “आता सगळे फोनवरच लिहीत असतील. मशीनचे दिवस गेले,” असे ते एकदा खिडकीकडे बघून म्हणाले. कपाटातली जुनी, कुणाचीच नसलेली मशीन काढून ते त्यांना तेल देत बसायचे. दुकान बंद करण्याविषयी त्यांनी मुलीशी दोनदा बोलणे काढले. माझ्यामुळे हे होते आहे, हे मला त्यांना सांगता आले नाही.

दोन महिन्यांनी गणिताच्या बाईंचा फोन आला. हात तेलाचे होते, म्हणून बाबांनी कोपराने स्पीकर लावला.

“दुकान बंद केलंत का हो?”

“नाही बाई. समोर दोन मशीन उघडी पडलीत. का?”

“माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं मशीन अडलंय. परवा तिची परीक्षा. अठरा दिवस शोधतेय, म्हणते तुम्ही कुठेच नाही. मी म्हटलं, आळशी आहेस, नीट शोध. मग स्वतः बसले. सहा पानं ऐकली. नाही सापडलात.”

बाबांनी समोरचे मशीन बाजूला सरकवले. मग म्हणाले, “आजच पाठवा.”

मशीन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. पाचव्या ठिपक्याची सुई वाकली होती आणि तिची खाच झिजली होती. नवी सुई घासून बसवेपर्यंत परीक्षेच्या दिवसाची दुपार झाली. त्या मुलीने पहिला पेपर ब्रेलच्या पाटीवर लिहिला, एकेक ठिपका हाताने टोचत. शेवटचे दोन प्रश्न राहिले. बाईंनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही, नुसते सांगितले. बाबांना ते जास्त लागले.

सुट्टीच्या दिवशी बाबांची मुलगी आली आणि मी का सापडत नाही ते तिने माझे पोट उघडून पाहिले. मामा खुर्चीत आखडून बसले होते. “मला वाटलं, ओळखी वाढतील,” एवढेच ते म्हणाले.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बोट दाखवणाऱ्यांची यादी पाहिली. “ही केसांच्या तेलाची माणसं मला कशी ओळखतात?”



मुलीने त्या वेबसाइटवाल्यांना लिंक काढण्याची पत्रे लिहिली. चौघांनी काढल्या. उरलेल्यांसाठी एकच उपाय होता: ही बोटे आमची म्हणून धरू नका, अशी यादी सर्च इंजिनाला द्यायची. बाबा म्हणाले, एकेक बघून घेऊ. ती म्हणाली, साडेसहाशे आहेत, बाबा. मग ते मागे सरले. “तू शिकलेली. तुला कळतं,” म्हणाले. तिने एका बैठकीत पाने डोळ्यांखालून घातली आणि जी संशयास्पद दिसली ती यादीत टाकली.

माफी मिळाली. तसे पत्रही आले, या वेळी योग्य जागी. पण महिना झाला तरी मी पाचव्या पानावरच होते. भाड्याचा जोर तर गेलाच होता, पण माझी मूळची जागाही परत येईना.

“ती यादी परत काढ,” बाबा म्हणाले. “आणि तू वाचू नकोस. आपली माणसं ऐकतात तसं त्या संगणकाला वाचू दे.”

दोन दिवस ते काम करत ऐकत राहिले, मुलगी शेजारी, मामा दाराशी. केसांचे तेल, मध्येच ते पाच शब्द, पुन्हा तेल. फरशा, पाच शब्द, फरशा. कानाला लगेच कळत होते. आणि मग संगणक त्याच कोरड्या आवाजात म्हणाला, “आमच्या शाळेची मशीन या दुकानात जातात. स्क्रू हरवत नाहीत.”

बाबांचा हात थांबला. “हे बाईंचं आहे.”

मुलीने पडद्याकडे पाहिले. पान पांढरेफटक होते. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या ओळींचा ढीग. खोटी पाने गुळगुळीत होती, आणि त्यांच्यात हे ओबडधोबड, म्हणून संशयास्पद दिसले होते. ज्यांना चित्राचा उपयोगच नाही त्यांनी ते केले होते. मी स्वतः तशीच आहे, हे त्या घाईत तिच्या लक्षात आले नव्हते.

“बाबा, हे मी टाकलं?”

“आपण टाकलं. पुढचं लाव.”

वाचनालय सापडले. टाइपरायटरवाला सापडला. अशी नऊ पाने निघाली. ती यादीतून वगळून तिने नवी यादी पाठवली.

हे सगळे होऊन वर्ष झाले. आज मी दुसऱ्या पानावर असते, कधी पहिल्याच्या तळाशी. याहून वर जाईन की नाही, सांगता येत नाही. फोन आठवड्यातून पाच-सहा वेळा वाजतो, आणि दुकान बंद करण्याचे बोलणे पुन्हा निघालेले नाही. मामा रोज येतात. लिंक विकणाऱ्यांची पत्रे अजून येतात. मामा ती आपल्या जुन्या, पंखे विकण्याच्या आवाजात बाबांना वाचून दाखवतात आणि पुसून टाकतात. तेवढे काम त्यांनी मागून घेतले आहे.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. माझ्याकडून काम करून घेतले असेल, तर माझ्याकडे बोट दाखवा. नसेल, तर दाखवू नका, कितीही प्रेमाने असले तरी.

गेल्या आठवड्यात एक नवे बोट आले. त्या परीक्षेच्या मुलीने स्वतःचे एक पान सुरू केले आहे, साधे, बिनचित्रांचे. बाबांनी संगणकाला ते तीनदा वाचायला लावले. माझ्याविषयी त्यात एकच ओळ आहे: “इथे मशीन नीट होतं. मला उशिरा सापडलं.”