पिठाच्या बाळाची रंगीत तालीम

"अहो, बाळाच्या तोंडावरचं पांघरूण काढा आधी! गुदमरेल की ते!" मावशी कडाडल्या.

बाळ म्हणजे दोन किलो पीठ. पिशवीला टोपडं घातलेलं, वर दुपटं, आणि सगळा ऐवज बाळांना ऊब देणाऱ्या विजेच्या काचेच्या पेटीत निजवलेला. पण वॉर्डात पंचवीस वर्षं काढलेल्या मावशींना पिठाचं बाळसुद्धा नीटच न्यायचं होतं. सिस्टरांनी मुकाट्याने पांघरूण खाली केलं आणि पेटी ढकलायला सांगितली.

नवजात बाळांचा वॉर्ड दुसऱ्या दिवशी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जायचा होता. अकरा बाळं, अकरा पेट्या. ही सगळी हलवाहलव सिस्टरांच्या गळ्यात पडली होती. अधीक्षक मॅडमनी चार डॉक्टर सोडून त्यांना नेमलं, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. सिस्टरांच्या स्वतःच्यासुद्धा. त्यांना सगळे 'पुन्हाएकदा सिस्टर' म्हणायचे. औषध मोजलं की पुन्हा एकदा. बाळाच्या पायातली पट्टी वाचली की पुन्हा एकदा. घरी गॅस बंद केलाय ना, हे बघायला त्या अर्ध्या जिन्यातून परत फिरायच्या आणि नवरा आतून ओरडायचा, "बंद आहे गं बाई! मी काय घरात शोभेला बसलोय?"

"मला हुशार माणूस नकोच होता," मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या. "हुशार माणसं 'होईल हो सगळं' म्हणतात. मला शंकेखोर माणूस हवा होता. फक्त एक लक्षात ठेवा, सिस्टर. चांगली बातमी वाटेल त्याला सांगा. वाईट बातमी आधी मला. आणि तीही लगेच, सजवून-बिजवून नाही."

या वॉर्डासाठी मॅडमनी सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं. जुन्या वॉर्डाच्या छताला ओल, आणि तीन-तीन पेट्या एकाच प्लगवर. वरच्या ऑफिसात त्यांनी इतके हेलपाटे घातले, की तिथले शिपाईसुद्धा त्यांना लांबून बघून 'आल्या बाळंवाल्या बाई' म्हणायचे. आता कुठे सगळं जुळून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, संध्याकाळी निरोप समारंभ, कारण तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. दाराशी पाटी लागली होती, तिच्यावर मॅडमचं नाव कोरलेलं होतं.

पिठाचं बाळ तिसऱ्या मजल्यावर सुखरूप पोचलं. मावशींनी टाळ्या वाजवल्या. सोबत आलेला वायरमन आपली हत्यारांची पिशवी आवरायला लागला.

"आता लाइट घालवा," सिस्टर म्हणाल्या.

"काल घालवली होती की! आले ना दिवे परत?"

"छतावरचे आले. प्लग कुठे बघितले? पुन्हा एकदा."

सिस्टरांनी सगळ्या ऑफिसांतून टेबलावरचे दिवे गोळा करून आणले होते. अकराही प्लगांना एकेक दिवा लावला. वायरमनने कपाळावर हात मारून घेतला आणि मुख्य स्विच पाडला. अंधार. खाली जनरेटर घुमायला लागला. छत उजळलं. एका भिंतीचे पाच दिवे लागले. समोरच्या भिंतीचे सहा लागलेच नाहीत.

सगळे वाट बघत उभे राहिले. सहा दिवे ढिम्म.

वायरमन धावत खाली गेला, बऱ्याच वेळाने वर आला. चेहरा पार उतरलेला. "सिस्टर, या भिंतीची लाइन जनरेटरवर घेतलीच नाहीये. नवीन पॅनल लागेल. चार दिवस तरी."

"पाच प्लगांवर अकरा पेट्या?"

"एक्स्टेन्शन लावून..."

"त्याच्यासाठीच तर जुना वॉर्ड सोडतोय ना आपण."

वायरमन जवळ आला, आवाज खाली घेऊन म्हणाला, "सिस्टर, लाइट काय रोज जाते का? उद्या उद्घाटन उरकून घेऊ. मग मी करून देतो गुपचूप. मॅडमचा शेवटचा दिवस आहे हो." माणूस वाईट नव्हता बिचारा. मॅडमवर त्याचा जीव होता, सगळ्यांचाच होता.

सिस्टर त्या रिकाम्या वॉर्डात एकट्याच बसल्या. खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात आलं, की जाऊ दे. चार दिवसांचा तर प्रश्न. आपण डोळ्यांत तेल घालून बसू भिंतीशी. मॅडमना उद्याचा दिवस मिळू दे. मग त्यांची नजर समोरच्या सहा दिव्यांवर गेली. त्या उठल्या आणि तडक खाली गेल्या.

मॅडम टेबलाचे खण रिकामे करत होत्या. सिस्टरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅडमचा हात खणातच राहिला.

"तुमचं मत काय?"

"मॅडम, उद्याचा दिवस तुमचा..."

"माझा दिवस राहू द्या बाजूला. बाळं हलवायची का उद्या?"

"नाही." सिस्टरांचा आवाज चिरकला.

"मग नाही."

त्यांनी लगेच फोन उचलला. "उद्याचं उद्घाटन होणार नाही. हो, पाहुण्यांना मी स्वतः कळवते. नाही, कामाला लागलेल्या कुणाचीही चूक नाही. तपासायचं माझ्याकडून राहिलं. हो ना, लेखी देते."

सिस्टर बघतच राहिल्या. मॅडम तर धडधडीत खोटं बोलत होत्या, आणि तेही इतक्या सहज! वायरमनचं नाव नाही, पाहणी करून सही ठोकणाऱ्या इंजिनिअरचं नाव नाही, सिस्टरांचं तर नाहीच. फोन ठेवल्यावर मॅडमनी चष्मा काढून पुसला. डोळेही पुसले, लपवले नाहीत.

"सहा वर्षं हो, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आणि चार दिवसांनी हुकलं बघा." मग नाक ओढून हसल्या. "जा. वायरमनला सांगा, मी रागावलेली नाही. पण चार म्हणजे चारच. आणि काम झालं की तुमचे ते दिवे पुन्हा एकदा लावा."

पाचव्या दिवशी वॉर्ड हलला. सहाच्या सहा दिवे लागले होते, दोनदा. दाराशी नवीन पाटी होती आणि तिच्यावर नव्या अधीक्षक साहेबांचं नाव होतं. साहेब वर फुलांच्या गुच्छाजवळ उभे होते. सिस्टरांनी मॅडमना आग्रहाने बोलावलं होतं. "मी आता तिथे कोण?" असं फोनवर म्हणूनही मॅडम आल्या. साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. खाली नातेवाइकांच्या बाकावर बसल्या.

पहिली पेटी निघाली आणि लिफ्टशी अडली. तालमीत एकच पेटी होती. आज प्रत्येक मजल्यावरून कुणी ना कुणी बटण दाबून लिफ्ट पळवत होतं. सिस्टरांनी चौदा जणांची कामं कागदावर मांडली होती; लिफ्ट धरायला माणूस लावायचं मात्र साफ विसरल्या होत्या.

तेवढ्यात लिफ्ट आली, दार उघडलं, आणि बाकावरून उठून मॅडम आत शिरल्या. बटणावर बोट दाबून धरलं. "चला. घाई नको."

एक पेटी वर, लिफ्ट रिकामी खाली, दुसरी पेटी वर. मधल्या मजल्यावर कुणी घुसायला लागलं तर मॅडम हाताने थांबवत होत्या. वरून टाळ्या ऐकू आल्या, भाषणाचा आवाज आला. मॅडमनी बटणावरचं बोट बदललं तेवढंच.

अकराव्या पेटीबरोबर बाळाचा बाप होता. घामाघूम झालेला, नजर पेटीवर खिळलेली. "बाई, जरा सांभाळून न्या हं लिफ्ट," तो म्हणाला. "धक्का नको बसायला."

सिस्टरांना राहवेना. ह्या कोण आहेत हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर मॅडमनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. सिस्टरांनी तोंड मिटलं आणि पेटीचा दांडा घट्ट धरला.

"नाही बसणार धक्का," मॅडम त्याला म्हणाल्या.

लिफ्ट अलगद वर निघाली. बापाचा जीव जरा भांड्यात पडला. त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

"तुमची ड्यूटी रोज इथेच असते का हो?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आजच्या दिवसापुरती."

तिसरा मजला आला. त्यांनी बटण दाबून धरलं आणि पेटी बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही.