लाडक्या देशाची खारीक

माझा भाऊ मक्खणसिंग अटारीच्या गेटवर हमाल. पाकिस्तानातून ट्रक यायचे, त्यातली सिमेंटची आणि खारकेची पोती उतरवून इकडच्या ट्रकांत चढवायची, हे त्याचं काम. त्याच्या पोरीला, सिमरतला, मागणी घातली ती बलकारसिंगने. त्याचे स्वतःचे ट्रक, तेही त्याच गेटवर चालणारे. ट्रकमालकाने हमालाची पोर सून म्हणून मागितली ती केवळ मुलाच्या हट्टापायी. गुरतेज आणि सिमरत एकाच बसने अमृतसरला कॉलेजला जायचे. मी सिमरतची भुआ, म्हणजे आत्या. मला सगळं माहीत होतं आणि मी मुद्दाम गप्प होते.

रविवारी शगुन ठरला होता. आमच्यात पोरीचा बाप मुलाच्या तोंडात खारीक घालतो. ती तोंडात गेली की सोयरीक पक्की, मग आभाळ कोसळलं तरी कुणी मागे फिरत नाही. तोवर मात्र काहीच खरं नाही.

त्याच आठवड्यात काश्मिरात हल्ला झाला, आपले जवान गेले. गावातली किती तरी पोरं फौजेत, चूल पेटवायचं कुणाला सुचेना. मक्खण म्हणाला, शगुन पुढे ढकलू. बलकारसिंगच नको म्हणाला. वाजंत्री नको, जेवणावळ नको, अरदास म्हणजे प्रार्थना तेवढी करू, खारीक देऊ आणि उठू.

शुक्रवारी टीव्हीवर सांगितलं की पाकिस्तानला दिलेला ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा दर्जा सरकारने काढून घेतला. आमच्या ओसरीवर टीव्ही बघायला जमलेले हमाल एकमेकांकडे बघतच राहिले. ज्यांच्याशी लढाया केल्या, ते इतकी वर्षं आपले लाडके होते? दर्जा काढल्यापेक्षा तो दिला होता याचाच सगळ्यांना जास्त धक्का बसला.

“काढला तर काढला,” मक्खण म्हणाला. “नवऱ्याने लाडके म्हणायचं सोडलं, म्हणून बायको रोट्या करायची थांबते का?”

सगळे हसले. मीही हसले. ट्रक येतच राहणार, फक्त आता कौतुक बंद, असं आम्ही धरून चाललो.

शनिवारी संध्याकाळी दुसरी बातमी आली. तिकडून येणाऱ्या प्रत्येक मालावर दोनशे टक्के कर. मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली, वीस असेल. तेवढ्यात लाला तिलकराज गेटवरून परतताना आमच्या दारात थांबले. अमृतसरचे खारकेचे व्यापारी, मक्खणला बरीच वर्षं ओळखणारे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“लाडका म्हणजे लाडका नव्हे रे, मक्खणसिंग,” ते म्हणाले. “लाडका म्हणजे चारचौघांसारखा. जो कर बाकीच्यांना, तोच त्याला, एवढंच. ते नाव काढलं की मग वाटेल ते लादायला हात मोकळे.”

गेटवरच्या गोदामात पडलेली खारीक एवढा कर भरून मी सोडवणार नाही, कुणीच सोडवणार नाही, तुम्ही उद्यापासून दुसरं काही बघा, असं सांगून ते निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. एका शब्दावर सगळं गाव पोट भरत होतं आणि आम्हाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. मला इतका संताप आला! कुणावर, ते आजही सांगता येणार नाही.

मक्खण भिंतीला टेकून उभा राहिला.

सकाळी शगुनाला निघालो तेव्हा माझा जीव मुठीत होता. आता बलकारसिंग सोयरीक मोडणार, हे मी धरूनच चालले होते. हमालाची पोर त्याने कशीबशी पत्करली होती, बेकार हमालाची कशाला पत्करेल? वाटेत मी वाहेगुरूला काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत.

बलकारसिंगच्या दारात ट्रक रिकामे उभे होते. त्याने मक्खणला मिठी मारली आणि काही लपवलं नाही. ड्रायव्हरांना घरी पाठवलं, पुढे काय ते कळत नाही, म्हणाला. “पण त्यासाठी पोरांचं कशाला अडवायचं?” मला रडू फुटायचं बाकी राहिलं. या माणसाबद्दल मी मनात काय काय आणलं होतं.

अरदास झाली. गुरतेज गुलाबी पगडी बांधून बसला होता, गळ्यातल्या कापडाचा पल्ला, म्हणजे पदर, मांडीवर पसरलेला. ओटी भरावी तसा मक्खणने त्यात सुकामेवा घातला. मग खारीक उचलली. गुरतेजने तोंड उघडलं.

मक्खणचा हात त्याच्या ओठांपर्यंत गेला आणि थांबला. आम्हाला वाटलं, बापाचं मन, भरून आलं असेल. अरदास करायला आलेले गुरुद्वाऱ्यातले ग्रंथीजी हळूच म्हणाले, घाला सरदारजी. मक्खणने हात खाली घेतला आणि खारीक स्वतःच्या खिशात टाकली.

“माफ करा, बलकारसिंगजी. माझी पोर मी गेटवर जगणाऱ्या घरात देत नाही.”



“अरे, तू स्वतः गेटवरचा,” बलकारसिंग म्हणाला.

“म्हणूनच.”

मी भावाचा दंड धरला. “वीरा, डोकं फिरलंय का तुझं? पोरीला काय सांगू मी?”

“काल दुपारपर्यंत मलाही हे घर पक्कं वाटत होतं,” तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. “एका बातमीने बसतं ते कसलं घर? मी सोसेन. तिने का सोसायचं?”

आणि तो उठून चालता झाला. मी माझ्या भावाला जन्मापासून ओळखते असं समजत होते. मागून गुरतेजच्या आईने पोराच्या गालाला हात लावला, तेव्हा कुठे पोरगा भानावर आला.

मक्खण घरी आलाच नाही, गेटच्या दिशेने गेला. सांगायचं माझ्यावर आलं. सिमरत दारातच उभी होती. मी भावाला शिव्या घालत सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “भुआ, त्याने तोंड उघडलं होतं?”

“उघडलं होतं. तुझा बाप उठून गेला तरी उघडंच होतं.”

तिने डोक्यावर दुपट्टा घेतला, पायात चपला घातल्या आणि बलकारसिंगच्या घराची वाट धरली. लग्नाआधी मुलीने त्या घराची पायरी चढायची नसते, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी बाजूला सरून तिला वाट दिली.