फितुरीचा आळ

"आपल्यात एक फितूर आहे," ईश्वरने ग्रुपवर लिहिलं होतं, आणि त्याखाली नाव लिहिलं होतं. मंतशा.

मंतशा तेव्हा जळगावात वडिलांच्या गादीच्या दुकानात उशांच्या खोळी शिवत बसली होती. ते वाचलं आणि सुई कचकन बोटात गेली. तिला बोटाचं काहीच वाटलं नाही, पण कानशिलं मात्र तापली.

'तटबंदी' हा मोबाईलवरचा खेळ. त्यात मगर आणि गरुड असे दोन पक्ष. दर रविवारी दुपारी एक किल्ला खुला व्हायचा. त्याच्या आत एक कोडं असायचं आणि ते आधी सोडवील त्या पक्षाचा किल्ला. मगर पक्षाच्या जळगावच्या तुकडीत बारा जण होते. म्होरक्या ईश्वर, मूळचा पाचोऱ्याचा, जळगावला डिप्लोमा करणारा. कोडी सोडवायची ती अकरावीतल्या मंतशाने. धावायचं बाकीच्यांनी.

अडचण एवढीच होती की किल्ल्याच्या चौकात बोललेलं दोन्ही पक्षांना ऐकू यायचं. लिहिलेला निरोप फक्त आपल्या माणसांना दिसे, पण पळतापळता वाचणार कोण? ईश्वरने तोड काढली. मंतशाने त्याला लिहून कळवायचं आणि त्याने चौकात अहिराणीत आरोळी ठोकायची.

"समोरचे सगळे पुण्यामुंबईचे," तो म्हणाला होता. "आपली बोली त्यांच्या बापाला कळायची नाही."

आणि तरी लागोपाठ चार किल्ले गेले. आरोळी उठायची आणि गरुडवाले यांच्याआधी तिथे हजर!

मंतशाने ईश्वरला फोन लावला.

"माझं नाव कशावरून घेतलं, ईश्वरभाऊ?"

"उत्तर सगळ्यात आधी कोणाला कळतं? तुला. आम्ही बाकी सगळे अहिराणी बोलणारे, एका ताटात जेवणारे. तू एकटीच वेगळी. तुमच्या लोकांचं कसं असतं..." तो मध्येच थांबला.

"बोला ना. कसं असतं?"

"जाऊ दे. या रविवारचा शेवटचा किल्ला झाला की तू दुसरीकडे खेळ."

फोन बंद झाला. मंतशाच्या मनात आलं, दोन महिने कोडी सोडवून दिली तेव्हा मी वेगळी नव्हते. दिवाळीला याच माणसाच्या घरची चकली डब्यातून आली, तेव्हाही वेगळी नव्हते. किल्ला हरला आणि मी वेगळी झाले! ती रागाने टाके घालत राहिली. तिच्या वडिलांनी, अय्युबभाईंनी, खोळ हातात घेतली, तिरका गेलेला टाका पाहिला आणि उसवायला परत दिली.

उसवताना तिला तिसरा किल्ला आठवला. तिथे भिंतीत सात खुंट्या होत्या. तिने ईश्वरला लिहिलं होतं, तिसरी ओढा. घाईत त्याने ओरडून सांगितली चौथी. मगरवाले चौथीकडे धावले आणि चौथी चुकीची निघाली. पण त्यांच्याही आधी गरुडवाले चौथीकडेच धावले होते!

मंतशाचा हात थांबला. मी फितूर असते तर त्यांनी तिसरी ओढली असती. ईश्वरची चूक त्यांच्याकडे पोचली, म्हणजे ते माझं नाही, ईश्वरचं ऐकतात. आणि ऐकून त्यांना समजतं.

हे ईश्वरला सांगून तो मानणार नव्हता. तिने असोद्याच्या हेमलताला फोन केला. तुकडीत सगळ्यात जोरात धावणारी हीच.

"रविवारी मी त्याला चुकीचं दार कळवणार आहे," मंतशा म्हणाली. "खरं फक्त तुला."

"आणि तो आत घुसला म्हणजे?"

"तू त्याच्या पुढ्यात उभी राहा."

"म्हशीसारखी आडवी उभी राहते बघ," हेमलता हसली. "चार हारी मीपण पाहिल्या आहेत, बाई. तुझ्यावर आळ आला, तो उद्या माझ्यावर येईल."

रविवारी किल्ला खुला झाला. आत फरशीचं मोठं दालन होतं, सात ओळी, दर ओळीत सात फरश्या. प्रत्येक फरशीवर एकदाच पाय द्यायचा, सरळ किंवा आडवं चालायचं, तिरपं नाही, आणि सगळ्या एकोणपन्नास पुऱ्या करायच्या. आत जायला एकाच भिंतीत तीन दारं: सिंहाचं दुसऱ्या फरशीवर, हत्तीचं चौथ्या, मोराचं पाचव्या.

मंतशाने वहीत चौकटी आखल्या आणि रजईच्या तुकड्यांसारख्या एक लाल, एक पांढरी अशा रंगवल्या. कोपरे लाल. मोजल्या तर लाल पंचवीस, पांढऱ्या चोवीस. पाऊल लालवरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून लालवर पडणार. मग लाल एकने जास्त असेल, तर सुरुवात लालवरूनच व्हायला हवी. पांढऱ्यावरून निघाला त्याची एक तरी फरशी राहणारच, जन्मभर फिरला तरी. दुसरी आणि चौथी पांढरी, पाचवी लाल. म्हणजे मोर.

तिने हेमलताला लिहिलं, मोर. ईश्वरला लिहिलं, हत्ती.

"हत्तीना दरवाजा शे!" ईश्वर चौकात गरजला. "बठ्ठा तठेच चला रे!" सगळ्यांना त्याने तिकडेच बोलावलं.

गरुडवाल्यांची अख्खी फौज हत्ती दरवाजातून आत घुसली. हेमलता ईश्वरच्या पुढ्यात आडवी झाली होती आणि मागचे मगरवाले दाराशीच अडकले होते. "सरक ना, बैल!" तो ओरडत होता. आत गरुडवाल्यांनी अठ्ठेचाळीस फरश्या केल्या, एकोणपन्नासावी राहिली आणि फरशी खचली. आता दहा मिनिटं त्यांना हलता येणार नव्हतं, आणि दालन मगरांसाठी पुन्हा कोरं झालं होतं.

मग चौकात एक मुलीचा आवाज आला. ती गरुडांची म्होरकी रेशमा होती.

"ओ पाचोरावाला भाऊ, आज खोटं कसं सांगं तू? आम्ही धुळाना शेतस. चार रविवार व्हयनात, तू आमले बठ्ठं फुकट सांगी ऱ्हायना!"

समोरचे पुण्यामुंबईचे नव्हे, धुळ्याचे, अहिराणीच बोलणारे निघाले! मगरवाल्यांतही कोणी तरी फिसकन हसलं. ईश्वरचा निरोप आला.

"बरं, कळलं. खरं दार कुठलं, सांग लवकर. वाटही सांग."

"आधी ग्रुपवर लिहा," मंतशाने लिहिलं.

"काय लिहू?"

"माझं नाव जिथे लिहिलं, तिथेच लिहा."

"अगं, नंतर बघू. दहाच मिनिटं आहेत. खेळ आहे हा, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"फितूर म्हणताना खेळ नव्हता का?"

दोन मिनिटं गेली. ईश्वरने लिहिलं, गैरसमज झाला होता. मंतशाने वाट कळवली नाही. पाच मिनिटं गेली. त्याने लिहिलं, सगळ्यांचीच थोडी चूक झाली.

"माझी कुठली चूक झाली, तेवढी सांगा," तिने लिहिलं.

हेमलता मोर दरवाजासमोर जाऊन उभी राहिली, पण आत गेली नाही. "ती वाट सांगेपर्यंत मी इथेच," ती चौकात मोठ्याने बोलली, धुळ्याच्या लोकांनाही ऐकू जाईल अशी.

दोन मिनिटं उरली तेव्हा ग्रुपवर ओळी उमटल्या. "मंतशाने काही फोडलं नव्हतं. चौकात मीच ओरडून सांगत होतो. तिच्या लोकांबद्दल बोललो तेही चूक होतं. ईश्वर."

मंतशाने त्या दोनदा वाचल्या. मग तिने हेमलताला मोर दरवाजातून आत घेतलं आणि वहीत आधीच आखून ठेवलेली वाट एकेक ओळ लिहून पाठवली. पळापळ नव्हती, त्यामुळे हेमलता प्रत्येक वाचत होती. उजवीकडे, पुढे, पुढे, डावीकडे. एकोणपन्नासावी फरशी लागली आणि गरुड सुटायला काही सेकंद असताना किल्ला मगरांचा झाला. ईश्वर आनंदाने किंचाळू लागला. मंतशाने आवाज बंद केला.

आतून अम्मी, हसीनाबी, डोकावल्या.

"जीती ना? फिर मुँह कायकू फुलाया?"

"जिंकले गं," मंतशा म्हणाली. "पण ते लिहायला त्याला आठ मिनिटं लागली, अम्मी. आठ मिनिटं!"

तिने तुकडीतून स्वतःचं नाव काढलं आणि हेमलताला विचारलं, "आपण दोघी नवी तुकडी काढायची का?"

"धुळ्याच्या त्या रेशमाला विचारू का?" हेमलताने लगेच लिहिलं. "हुशार वाटते, आणि हिंमत आहे."

"विचार. पण आधी सांग तिला, माझ्या तुकडीत पुराव्याशिवाय कोणाचं नाव घ्यायचं नाही."