शाहबाजचं कडवं

मी माइक बोलतोय. मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना?

मी वाढलो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. तो मोडला, तेव्हा शाहबाजनं मला मंगळवार पेठेतल्या आपल्या माळ्यावर आणलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावल्या. त्याचा मित्र प्रसेनजीत रोज यायचा. दोघं रॅप लिहायचे आणि आळीपाळीनं मला तोंडाशी धरायचे.

एका गाण्यात दोघांचं एकेक कडवं होतं. प्रसेनजीत बौद्ध घरातला. तो म्हणायचा, “नाव सांगितलं की, आता आडनाव कशाला?” शाहबाज म्हणायचा, “कुठला म्हणून इचारता पावणं? आज्जा माझा हितल्याच मातीत हाय.” ते म्हणताना त्याच्या श्वासानं माझी जाळी ओली व्हायची.

कॉलेजात गाणं गाजलं आणि पुण्याच्या एका कंपनीचा प्रसेनजीतला फोन आला. गाणं घेऊ, पण एकच कडवं ठेवू. एका गाण्यात दोन दुखणी लोकांना जड जातात, असं त्यांचं म्हणणं.

“मग तू काय म्हणालास?” शाहबाजनं विचारलं.

प्रसेनजीत गादीतला कापूस उपटत बसला.

गाणं आलं त्या दिवशी शाहबाजची आई, इमामबी, दुखऱ्या गुडघ्यांनी माळा चढून आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. फोन कानाशी धरून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्यात तू कुठं हाईस रं?”

“मधी ढोल वाजतोय न्हवं अम्मी, त्यो मीच.”

ढोल त्याचा नव्हता.

पुढं प्रसेनजीतचं नाव झालं. त्यानं सगळ्यांच्या मनातलं गायलं, असं लोक म्हणू लागले. एकदा तो येऊन चुकलं म्हणाला, पुढचं गाणं दोघांचं करू म्हणाला. शाहबाजनं त्याला चहा दिला.

“माझं कडवं बसतंय का न्हाय, ते परत दुसऱ्यालाच इचारणार न्हवं?”

प्रसेनजीत डोळे पुसत जिना उतरला. त्याचं दुखणंही खोटं नव्हतं. मी दोघांचं जवळून ऐकलंय.

आता माळ्यावरच्या गाद्या निघाल्यात. शाहबाज फुटबॉलच्या मॅचला माझ्यावरून खेळाडूंची नावं पुकारतो. मध्यंतरात मैदानावर तेच गाणं लागतं. त्याच्या कडव्याच्या जागी ढोल वाजतो आणि तेवढा वेळ शाहबाजचे ओठ हलत राहतात. मी त्याच्या हातातच असतो, पण बंद.

माझं बटण मला दाबता येत नाही. तुम्ही कुणी शेजारी उभे असाल, तर तेवढं दाबा.