मालकीणबाई

मला कुणी ‘मालकीणबाई’ म्हटलं ना, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा पार्लरमध्ये टॉवेल पोचवायला आलेला माणूस अगदी साधेपणानं म्हणाला, “मालकीणबाई, सही करता?” त्याच्यावर मी अशी खेकसले की बिचारा सही न घेताच पळाला. त्याचा काही दोष नव्हता. हा शब्द नासवला तो त्या एजंटानं.

आमच्या घरात आम्ही तिघं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, मी पार्लरमध्ये लोकांच्या भुवया कोरते, आणि सासूबाईंची नजर गेली आहे. एकदम नाही, हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेला. दर वेळी नवे कोपरे, नवे उंबरे. डोळे होते तोवर निभावलं. मागचं घर सोडलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, “आता हे शेवटचं कर गं बाई. आणखी एक घर पाठ करायची ताकद नाही माझ्यात.”

म्हणून आम्ही त्या एजंटाच्या काचेच्या टेबलासमोर जाऊन बसलो. दारावर पाटी होती, ‘भाडं भरता भरता घर तुमचं’. माणूस गोड, आणि बोलायला लागला की मध्ये टाचणी शिरणार नाही. भाड्यातला काही भाग घराच्या किमतीत जमा होणार, मुदत संपली की उरलेल्याचं कर्ज काढायचं आणि घर नावावर करून घ्यायचं. मालक लांब राहतात, त्यांचं सगळं मीच बघतो, म्हणाला. ह्यांनी करार घरी नेऊन वाचायचं काढलं, तर तो मनापासून हसला. “वाचा की साहेब! घर तुमचंच समजा.” मग माझ्याकडे वळून, “काय मालकीणबाई?”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आजवर मला कुणी तसं म्हटलं नव्हतं.

राहायला गेलो आणि स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मी फोन केला. तो म्हणाला, “मालकीणबाई, भाडेकरूसारखं काय बोलताय? आपल्या घरचा नळ आपणच नाही का बघायचा?” बघितला. मग बाथरूमच्या भिंतीला ओल आली, खिडकीची कडी तुटली, एका खोलीतली वायरिंग जळाली. दर वेळी मी फोन करायची, दर वेळी मी मालकीणबाई व्हायची, आणि दर वेळी खिसा आमचा हलका व्हायचा. पण घर आपलंच होणार म्हटल्यावर हात आखडता तरी कसा घेणार?

मग दांड्याचा विषय निघाला. सासूबाईंना पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धरायला काहीतरी हवं होतं. हे शिस्तीचे, म्हणाले, आधी विचार. फोन स्पीकरवर होता, तिघांनी ऐकलं. “अहो मालकीणबाई, विचारता काय? तुमचीच भिंत. ठोका बिनधास्त!”

ह्यांनी स्टीलचा दांडा आणला, कुठे बोट कापू नये म्हणून टोकं घासून घासून गुळगुळीत केली, आणि सुट्टीचा अख्खा दिवस घालवून बसवला. दुसऱ्या दिवशी मी गॅसपाशी उभी असताना मागून आवाज आला, “काय चाललंय गं?” मी दचकलेच. सासूबाई! एकट्या, कुणाचा हात न धरता आलेल्या. त्यानंतर त्या दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, उगीचच. मी म्हणायची, “आई, बसा की जरा.” त्या म्हणायच्या, “बसून बसूनच तर कंटाळलेय.”

मुदत संपत आली. बँकेनं कर्जाला होकार दिला. ह्यांनी चक्क पेढ्यांऐवजी घरासाठी रंग आणायचं ठरवलं. आणि इथे आमच्या भागातले भाव तोवर दुपटीला टेकले होते, ते मात्र आमच्या ध्यानात आलं नाही. एजंटाच्या बरोबर आलं.

नोटीस आली. ‘भाडेकरूने लेखी परवानगीशिवाय भिंतीला छिद्रे पाडून कराराचा भंग केला आहे. खरेदीचा हक्क रद्द. जमा रक्कम परत मिळणार नाही. महिनाअखेर घर रिकामे करावे.’

भाडेकरूने! मी लगेच फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, “ताई, कलम स्पष्ट आहे. लेखी परवानगी होती का?” ताई! एका रात्रीत मालकीणबाईची ताई झाले मी. मी बोलत राहिले आणि त्यानं फोन ठेवून दिला.

हे डोक्याला हात लावून बसले. सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “तो दांडा काढून टाका रे. मी चालेन भिंत धरून. पण घर घालवू नका माझ्यापायी.” मला रडू आलं आणि संतापही आला. संतापच जास्त. ज्या बाईला आधार मिळावा म्हणून दांडा लावला, तिनंच अपराध्यासारखं बोलावं? मी म्हटलं, “आई, दांड्याला कुणी हात लावायचा नाही.”

चार दिवसांत बेल वाजली. दारात एजंट, आणि मागे एक तरुण जोडपं. “घर दाखवायचंय,” म्हणाला, आणि मला बाजूला सारून आत. नळ दाखवला, सुकी भिंत दाखवली, नवी वायरिंग दाखवली. तेवढ्यात सासूबाई दांडा धरून बाहेर आल्या. मला वाटलं, आता तरी ह्याची मान खाली जाईल. छे! त्यानं दांड्यावर प्रेमानं हात फिरवला.

“हे बघा, वयस्कर माणसांसाठी मालकांनी खास सोय करून घेतलीय. उद्या तुमचे आईवडील राहायला आले तर? एवढा विचार कोण करतं?”

तो तसाच स्वयंपाकघरात शिरला आणि आतून हाक आली, “मालकीणबाई, जरा इकडे या, ओटा बघून घ्या.”

सवयीनं मी वळले. आणि ती पोरगीही वळली. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

मग मात्र माझी जीभ सुटली. “हा नळ आमचा, ही वायरिंग आमची, आणि हा दांडा माझ्या नवऱ्यानं ठोकलाय. ह्याच दांड्यासाठी हा आम्हाला हाकलतोय!” एजंटानं ‘जुने भाडेकरू, जरा तिरसट आहेत’ असं काहीतरी पुटपुटत दोघांना घाईघाईनं बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पोरगी एकटीच आली. बुकिंगचे पैसे आधीच भरून बसली होती, चेहरा उतरलेला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, दांडा मालकांनी करून घेतला असं तो आमच्या दोघांसमोर म्हणाला. मग तुम्ही परवानगीशिवाय ठोकला, हे कसं?” पोरगी हुशार निघाली. मी इतकी चिडले होते की ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

शनिवारी आम्ही सगळे ऑफिसात धडकलो. हे, मी, सासूबाई आणि ती. शनिवारची गर्दी, खुर्च्या भरलेल्या. आम्हाला बघताच एजंट उठून उभा राहिला. “आत केबिनमध्ये बसू या ना.”

“इथेच बोलू,” मी म्हटलं. “दांडा कुणी बसवला ते सांगा. आम्ही की मालकांनी? नोटिशीत आम्ही, आणि हिच्यासमोर मालकांनी!”

“म्हणाला होतात तुम्ही,” पोरगी म्हणाली. “मी आणि माझ्या नवऱ्यानं ऐकलंय. कुठेही सांगू.”

“नळ गळला तेव्हा मी मालकीण,” माझा आवाज चढला, “दांडा ठोकला तेव्हा भाडेकरू, आणि गिऱ्हाईक आलं की तोच दांडा मालकांचा! अहो, एकदा काय ते ठरवा तरी!”

त्यानं दोन्ही हात जोडले. “मालकीणबाई, मालकीणबाई, जरा हळू…”

मी बघितलं. पोरगीनं बघितलं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हातात पेन घेऊन कागदावर वाकलेल्या एका बाईनंही मान वर केली. “मला म्हणालात?”

सासूबाईंना काही दिसत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला आणि निरागसपणे विचारलं, “अगं, किती मालकिणी आहेत इथे?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. कोपऱ्यातल्या बाईनं पेनाला टोपण लावलं आणि कागद बाजूला सरकवला. तिच्या शेजारचा माणूसही आपला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

एजंटाच्या कपाळावर घाम आला. “ती नोटीस… म्हणजे आमच्या स्टाफकडून चुकून गेली बघा. मी बघतो.”

“बघतो नको. मागे घेतली असं आत्ता लिहून द्या. खरेदीची तारीखही घाला. आणि हिचे बुकिंगचे पैसे हिच्या हातात ठेवा.”

त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. सगळे त्याच्याचकडे बघत होते. मुकाट्यानं ड्रॉवर उघडून पोरगीचे पैसे मोजले, मग कोरा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि अडला. मान वर न करता म्हणाला, “खरेदीत दोघांची नावं लागतील. साहेबांचं आहे माझ्याकडे. तुमचं… नाव काय तुमचं?”

इतक्या वर्षांत शंभरदा फोनवर बोलला होता हा माणूस माझ्याशी. नाव माहीत नव्हतं त्याला माझं!

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. आधी माझं, मग ह्यांचं, मग आडनाव, असं पूर्ण नाव सांगितलं, मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“लिहिलंत?” मी म्हटलं. “आता वाचून दाखवा.”