पिवळ्या पट्टीचं टेबल

त्या कारखान्यात व्हीलचेअर बनायच्या, आणि तपासणीबाईंच्या शिक्क्याशिवाय एकही खुर्ची फाटकाबाहेर जायची नाही. बाई नाकासमोर चालणाऱ्या. नकाशात जे काढलंय तेच खुर्चीत दिसलं पाहिजे, एवढं साधं त्यांचं गणित. त्यामुळे लोकांना नवं सुचवायची सवय लावण्याचं काम नव्या साहेबांनी त्यांच्याच गळ्यात घातलं, तेव्हा सगळ्यात आधी हसू आलं ते त्यांना स्वतःला.

साहेबांचं म्हणणं वावगं नव्हतं. इतर कंपन्यांच्या खुर्च्या हलक्या झाल्या, घडी होऊ लागल्या, आणि आपण वीस वर्षं तेच मॉडेल काढतोय. इथे तीनशे माणसं काम करतात, त्यातल्या एकालाही काही सुचत नसेल हे त्यांना पटत नव्हतं. महिनाअखेरीला मालक येणार होते, तोवर सूचनांचा फलक भरलेला दिसायला हवा होता.

तीन आठवड्यांत फलकावर अकरा चिठ्ठ्या आल्या. चार पंख्याबद्दल, पाच चहाबद्दल, एक कोरी. अकरावीत कुणीतरी फलकच दुसऱ्या भिंतीवर हलवा असं सुचवलं होतं.

बाईंच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी वेल्डिंग, दुपारी रंगकाम, मग जोडणी, पुन्हा वेल्डिंग. जातील तिथे बोलणं थांबायचं आणि हात भराभर चालायला लागायचे. घरीही त्यांना एका जागी बसवेना. जेवताना तीनदा उठल्या, तेव्हा नवरा म्हणाला की आता पाण्याचा तांब्याच शेजारी घेऊन बस. पाणी हे नुसतं निमित्त आहे, हे त्यालाही कळत होतं.

चौथ्या आठवड्यात त्या जोडणी विभागात मागच्या दाराने शिरल्या. ब्रेक बसवणारी एक बाई प्रत्येक दांड्याखाली रबराचा तुकडा सरकवत होती, सायकलच्या जुन्या ट्यूबचा. तपासणीबाई दिसताच तिने उरलेले तुकडे मुठीत लपवले.

त्यांनी विचारलं, हे कधीपासून?  ती म्हणाली, दीड वर्ष. रबर नसलं की ब्रेक घसरतो. उतारावर खुर्ची हळूहळू पुढे जाते, आणि बसलेल्या माणसाला ते लवकर कळतही नाही.

"मग लिहून का दिलं नाहीस?"

"लिहिलं असतं तर मीही पॅकिंगला गेले असते, मॅडम. तुमच्या भाऊजींसारखी."

 दीड वर्षातल्या सगळ्या खुर्च्यांवर शिक्का त्यांचा होता. ब्रेक घसरतो हेही त्यांना कळलं नव्हतं आणि रबरही दिसलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे त्यांचे थोरले दीर. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते कारखान्यातले सगळ्यात हुशार फिटर होते. एका दिवशी त्यांनी ब्रेकचे वीस दांडे आपल्या मनाने वाकवले. नकाशात दांडा सरळ होता. बाईंनी रिपोर्ट लिहिला, घरचा माणूस म्हणून एक शब्दही सौम्य केला नाही, आणि तेव्हाच्या साहेबांनी भाऊजींना खोकी बांधायला पाठवलं. घरात यावर कधी भांडण झालं नाही. जाऊबाई सणाला आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं हसतमुख बोलायच्या, भाऊजी ताटावरून लवकर उठायचे, इतकंच.

बाई तडक पॅकिंगमध्ये गेल्या. भाऊजी खोक्याला दोरी आवळत होते. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ विचारून टाकलं, की तेव्हा दांडा का वाकवला होता.

भाऊजींनी गाठ पूर्ण केली. म्हातारी माणसं सरळ दांडा ओढतात तेव्हा मनगटात जोर येत नाही, म्हणून ब्रेक अर्धवट लागतो, असं त्यांनी सांगितलं. मग पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं.

"हे मी तेव्हाही सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस. खाली वाकलीस, मोजलंस आणि लिहायला बसलीस."

"चुकलं माझं, भाऊजी."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत बाईंनी कपाटातून तो जुना रिपोर्ट आणला आणि सगळ्यांसमोर वाचला.  यात काय वाकवलं ते आहे, का वाकवलं ते नाही, आणि ती चूक माझी आहे, असं त्या म्हणाल्या. ब्रेक घसरतो हेही सांगितलं. रबराचं सांगितलं, पण नाव घेतलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. ते भलतेच वैतागले होते. मी नव्या कल्पना मागितल्या होत्या आणि तुम्ही मालक येण्याच्या तोंडावर जुनी भुतं उकरून काढलीत, म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: गोदामातल्या खुर्च्यांचे ब्रेक आधी तपासायचे आणि गेलेल्या खुर्च्यांच्या गिऱ्हाइकांना कळवायचं, आणि जोडणी विभागात एक टेबल द्यायचं. ज्याला जे करून बघायचंय ते त्याने तिथे करावं, वस्तूला पिवळी पट्टी लावावी. चाचणीत टिकल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही, आणि फसली म्हणून कुणाची बदली होणार नाही.

"आणि मालकांना काय दाखवू? रिकामं टेबल?"

"ब्रेक का घसरतो ते दाखवा, साहेब."

साहेबांनी कुरकुरत दोन्ही मान्य केलं. शेवटी टेबल मिळालं, तेही एक पाय आखूड असलेलं.

पहिला दांडा भाऊजींनी बनवला. त्यासाठी त्यांना बोलावून आणावं लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच आले, पॅकिंगचा अंगरखा न काढता. चाचणीच्या यंत्रावर दांडा सतत ओढला-सोडला जात होता. दोन दिवस लोक येता-जाता आकडा बघायचे. सात हजारांवर, ऐन वाकलेल्या जागी, दांडा कडकन तुटला. टिकायला हवा होता पन्नास हजार वेळा.

सगळा विभाग बाईंकडे बघू लागला. त्यांच्याही मनात आलं, की म्हणजे त्या दिवशी मी अगदीच चूक नव्हते. ते सुख क्षणभर टिकलं आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी वही उघडली. आकडा लिहिला. मग पेन तसंच धरून विचारलं, "भाऊजी, का तुटला असेल?"

भाऊजी तुटलेली कड अंगठ्याने चाचपत होते. थंड लोखंड वाकवलं, तिथेच चूक झाली, म्हणाले. तापवून वाकवायला हवं होतं. रबरवाली बाई शेजारी येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, की वाकवायचंच कशाला, दांड्याच्या मुठीचाच आकार बदलला तर? भाऊजींना ते पटलं नाही. दोघं वाद घालू लागली, वाद वाढला, आणि आणखी चार जण त्यात पडले.

मालक आले तेव्हा टेबलावर तुटलेले तीन दांडे होते आणि एकही धड वस्तू नव्हती. मालकांनी एक तुकडा उचलून पाहिला, बरंच काही विचारलं आणि टेबलाबद्दल काही न सांगता निघून गेले. साहेबांचा चेहरा उतरलेला होता. टेबल राहणार की जाणार, हे कुणालाच कळलं नाही.

सोमवारी बाई वेळेच्या आधी पोचल्या. टेबल जागेवर होतं. त्यावर पिवळी पट्टी गुंडाळलेलं खुर्चीचं एक पायदान होतं, रंगकामातल्या कुणीतरी ठेवलेलं, खाली नाव लिहून. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. मोजपट्टीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि ज्याने ते ठेवलं होतं त्याला शोधत त्या रंगकामाकडे निघाल्या.