पातेल्यातून आलेली गाडी

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नेपरव्हिलहून सुटून सिन्नरमार्गे नाशिकला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. चालक-वाहकांनी ताबडतोब नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा.”

बेसमेंटमधून बाबांचा आवाज आला तेव्हा मी वर ऑफिसच्या कॉलवर होते आणि माझा माइक चालू होता. मॅनेजर बोलता बोलता थांबला. मी घाईघाईने म्यूट केलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, “बाबा, हळू! अख्खं ऑफिस ऐकतंय.”

“मग विचार की त्यांना, कुणाला सिन्नरला उतरायचंय का?”

पाठोपाठ लेनर्डचं खोकल्यासारखं हसू ऐकू आलं. लेनर्ड आमचा शेजारी. त्याला मराठीतलं अक्षर कळत नसे, पण बाबा हसले की तो हसायचा.

मार्चमधला गुरुवार होता. कॉल संपवून मी चहा घेऊन खाली गेले. आमच्या जुन्या पिंगपाँगच्या टेबलावर लांबट गोल रूळ टाकलेले होते. त्यावरून खेळण्यातलं काळं इंजिन मालगाडीच्या पाच वाघिणी ओढत घरघरत फिरत होतं. माकडटोपी घातलेले बाबा गाडीचा वेग कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या दांडीवर हात ठेवून बसले होते. समोर लेनर्ड दूधगाडीत बोटाएवढे कॅन भरत होता. ती वाघीण थांबली की तिचं दार उघडून पत्र्याचा एक माणूस कॅन बाहेर ढकलायचा. ते बघायला बाबा दर फेरीला वाकत.

“गवळी आज उशिरा आला,” ते म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन, “साखर घातलीस का?”

“अर्धा चमचा.”

“म्हणजे नाही घातलीस. लेनर्डराव, धिस इज नॉट माय डॉटर्स हाउस. धिस इज हॉस्पिटल.”

“माझी कॅरल पण तशीच आहे, टिम,” लेनर्ड म्हणाला.

बाबांचं नाव त्र्यंबक. ते लेनर्डच्या जिभेवर चढेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने त्याचं टिम करून टाकलं. बाबांनी त्याला लेनर्डराव करून हिशेब चुकता केला.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “उद्या शेजारी शिरा द्यायचाय. रवा आहे ना? नाहीतर मागच्यासारखं क्रीम ऑफ व्हीट आणून ठेवशील.” मी रवा आहे म्हणाले. त्यांनी डबा उघडून स्वतः खात्री करून घेतली आणि ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला खाली आले नाहीत.

*

बाबांनी सगळी नोकरी संगमनेरच्या एसटी स्टँडवर केली. वाहतूक नियंत्रक. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आलेल्या गाडीची नोंद करायची, सुटणारीची घोषणा करायची. अकोले, लोणी, नारायणगाव, शिर्डी. गावातला प्रत्येक माणूस त्यांच्या आवाजाने कुठे ना कुठे गेला होता. ते स्वतः मात्र लग्नाकार्यापलीकडे कुठे गेले नाहीत. आईच्या पाठीमागे ते एकटेच राहत होते. मी आणि माझा नवरा प्रथमेश त्यांना इकडे अमेरिकेत घेऊन आलो तेव्हा विमानतळावरची उद्घोषणा ऐकून ते म्हणाले होते, “बाईचा आवाज गोड आहे, पण कुठली गाडी कुठे लागलीय, काही कळत नाही.”

पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत काढला. एका सकाळी उठून बघतो तर आमच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ साफ झालेलं. शेजारचा म्हातारा फावडं खांद्यावर टाकून परत चालला होता. बाबा भारावून गेले. “ओळख नाही, पाळख नाही, एवढ्या थंडीत!” त्यांनी भरपूर तूप सोडून शिरा केला आणि झाकणाच्या पातेल्यातून नेऊन दिला. पुढे कधीतरी कॅरलने, लेनर्डच्या मुलीने, मला हळूच सांगितलं की त्या दिवशी त्याने आपला समजून आमचा ड्राइव्हवे साफ केला होता. त्याला तेव्हापासूनच विसरायला व्हायला लागलं होतं. मी ते बाबांना सांगितलं नाही.

पातेलं देताना बाबांनी सवयीने एक वाक्य जोडलं होतं. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर टाकली तरी चालते. बाबांना वाटलं, गंमत सांगतोय. लेनर्डने ती नियम म्हणून घेतली.

दोन दिवसांनी पातेलं परत आलं. बाबांनी झाकण काढलं आणि हाक मारली, “रेणू, अगं इकडे ये. यात मालगाडी आहे!”

जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पत्र्याची, तांबड्या रंगाची वाघीण. हातात जड लागत होती. रंग कडांना उडालेला होता, पण चाकं एका फुंकरीने फिरली. बाबांनी ती ओट्यावर इकडून तिकडे नेली. मग अवघडले. “हे फार झालं गं. शिऱ्याच्या बदल्यात हे नाही घेता येत.” म्हणून त्यांनी पोहे दिले. पोह्यांच्या पातेल्यातून दुधाची वाघीण आली. उपम्यावर कोळशाची आली.

“हा माणूस ऐकतच नाही,” बाबा वैतागून म्हणाले. “मी फेडायला जातो, तो वाढवून ठेवतो.”

“मग देणं बंद करा,” प्रथमेश म्हणाला.

“आणि त्याचं भांडं माझ्याकडे राहिलं तर?”

“भांडं आपलंच आहे, बाबा.”

“तेच तर!”

या संवादाला पुढे काही अर्थ उरला नाही. त्या संध्याकाळी मी वाघिणी परत द्यायला शेजारी गेले. सत्तर वर्षांपूर्वीच्या वस्तू, त्याच्या लहानपणीच्या. कॅरलने माझ्या हातातली पिशवी घेतलीच नाही. “गॅरेजच्या माळ्यावर पडून होत्या. गेल्या महिन्यात त्याने माझं नाव दोनदा विचारलं. पण या गाड्यांचा कुठला स्क्रू कुठे जातो ते अजून सांगतो. त्याला कुणीतरी ऐकणारं मिळालंय. राहू दे.”

रूळ आणि ट्रान्सफॉर्मर ढकलगाडीतून आले. इंजिन पातेल्यात मावेना, म्हणून ते लेनर्ड दोन्ही हातांत धरून लॉन ओलांडून घेऊन आला. तेव्हापासून दर गुरुवारी तो मागच्या दाराने यायचा.

*

नंतर जे करायचं ते सगळं झालं. फोन प्रथमेशने केले. संगमनेरला बाबांच्या भावाशी, चारुदत्तकाकांशी तोच बोलला. मी शेजारी बसून होते. काकांनी मला फोन द्यायला सांगितला, मी घेतला आणि ते रडले, मी “हो काका, हो” म्हणत राहिले. ऑफिसला मी फॅमिली इमर्जन्सी असं कळवलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या संध्याकाकू आठवडाभर जेवणाचे डबे आणत होत्या. एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं रेणू, बोल गं काहीतरी. मोकळी हो.” मी त्यांना भाजीत काय घातलंय ते विचारलं.

बाबांच्या डेंटिस्टकडून फोन आला. उद्याची अपॉइंटमेंट कन्फर्म करायची होती. मी म्हटलं, उद्या जमणार नाही. पलीकडची मुलगी म्हणाली, मग पुढच्या महिन्यातली देऊ? मी म्हटलं, द्या.

“अगं, कॅन्सल करायची ना!” प्रथमेश म्हणाला.

“घेतली गेली.”

 त्याने नंतर फोन करून ती कॅन्सल केली असावी.

कॅरलने लेनर्डला त्याच दिवशी सांगितलं होतं. तो दुपारभर रडला. दुसऱ्या दिवशी उठून त्याने टिमकडे कधी जायचं म्हणून विचारलं. “मी पुन्हा नाही सांगू शकले,” कॅरल मला म्हणाली. “मॉमच्या वेळी महिनाभर सांगत होते. दर वेळी त्याच्यासाठी ती तेव्हाच मरायची. आता विचारलं की ती दुकानात गेलीय म्हणते. तुला काय योग्य वाटेल ते कर.”

पहिल्या गुरुवारी मागच्या दारावर टकटक झाली. दारात लेनर्ड, टोपी काढून हातात घेतलेला.

“टिम?”

“झोपलेत,” मी म्हणाले.

“झोपू दे, झोपू दे. या हवेत झोप येतेच.” तो पाय न वाजवता आत आला, तासभर गाडी चालवली आणि गेला.

मग दर गुरुवारी तेच. तो विचारायचा, मी सांगायची. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की गुरुवारी दुपारी मी मिक्सर लावत नाही. कपाटाची दारं हाताने अलगद टेकवते. वर जाताना बाबांच्या खोलीसमोरून चवड्यांवर जाते. सगळ्या जगात एकच माणूस असा होता ज्याच्यासाठी बाबा वरच्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेले होते, आणि तो खाली बसलेला असेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. मला ते सोडायचं नव्हतं.

जूनमध्ये कॅरल सांगत आली. घर विकायला काढलंय. तिचा भाऊ मिनेसोटात, ईडन प्रेरीला असतो. त्याच्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी चांगली जागा आहे. शनिवारी निघायचं.

*

त्या गुरुवारी लेनर्ड इस्त्रीचा शर्ट घालून आला. केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मी नेहमीसारखं “झोपलेत” म्हणाले. तो खाली उतरला, पण गाडीचा आवाज आला नाही. थोडा वेळ वाट बघून मी गेले. तो आपल्या खुर्चीवर बसला होता. समोर बाबांची खुर्ची.

“गाडी नाही लावायची?”

“आज थांबतो. तो उठेपर्यंत. मी जाणार आहे ना. कुठेतरी. कॅरलला माहीत आहे.”

“मिनेसोटाला.”

“थंड आहे तिथे,” तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, जणू नेपरव्हिल गरम होतं.

“गाडी सोबत घेऊन जा, लेनर्ड. मी बांधून देते सगळं. तिथे टेबल मिळेल.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले. “माझी नाही ती. टिमची आहे. त्याला विचारल्याशिवाय मी कशी नेऊ?”

 त्याने एक वाघीण उचलली, चाक फिरवलं, परत ठेवली.

“तो माझ्यावर रागावलाय का?”

“छे! का रागावतील?”

“मला माहीत नाही. तेच तर. हल्ली मी काय बोलतो ते माझ्याजवळ राहत नाही. परवा मी कॅरलला चोर म्हणालो. माझ्या कॅरलला! मला आठवतसुद्धा नाही, ती रडत होती म्हणून कळलं.” “टिमला काही बोललो असेन तर तू सांग मला. तुम्ही दुसऱ्या देशातून आलेली माणसं, काही वेडंवाकडं तोंडातून गेलं असेल. दर वेळी तो झोपलेला असतो. एवढा कोणी झोपत नाही, मुली. तेवढं मला अजून कळतं.”

“तसं काही नाही.”

“मग पाच मिनिटं उठव त्याला. मी माफी मागतो आणि जातो.”

पुन्हा झोपलेतच म्हणता आलं असतं. बरं वाटत नाही म्हणता आलं असतं. शनिवारपर्यंत तो हे बोलणं विसरलाही असता. पण कॅरलने एकदा सांगितलं होतं, गोष्ट विसरतो, लागलेलं विसरत नाही. दिवसच्या दिवस खिन्न बसतो, आणि का ते त्याला सांगता येत नाही. तो ईडन प्रेरीला जाऊन एका अनोळखी खिडकीशी बसला असता आणि कारण न आठवता त्याला वाटत राहिलं असतं की कुणीतरी आपल्याला टाकलं. बाबांनी. ज्यांनी चुकून साफ झालेल्या बर्फाचे उपकार जन्मभर फेडायचे ठरवले होते त्यांनी.

मी बाबांच्या खुर्चीवर बसले. तोवर मी तिच्यावर बसले नव्हते. लेनर्डचे हात हातात घेतले. ते गार होते.

“बाबा रागावलेले नाहीत, लेनर्ड. कधीच नव्हते. गुरुवारची ते बुधवारपासून वाट बघायचे.”

“मग?”

इतक्या महिन्यांत मी त्याबद्दल सह्या केल्या होत्या, माना हलवल्या होत्या, लोकांचं ऐकून घेतलं होतं. आधी ते मराठीतच तोंडातून आलं. “बाबा वारले.” माझाच आवाज मला परका वाटला. लेनर्डला काही कळलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिला, आणि मी ते त्याला समजेल अशा भाषेत, सावकाश, पहिल्यापासून पुन्हा म्हणाले.

“माझे वडील वारले, लेनर्ड. मार्चमध्ये, झोपेत. मी सकाळी हाका मारल्या, ते उठले नाहीत. माझे वडील आता नाहीत.”